बाबूजी पुन्हा ऐकताना

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तिथे तसाच ठेवला आहे. गाणी जिथे ऐकवली गेली त्या जागा कंसात दाखवल्या आहेत.)

आजचा विषय तुमच्या-माझ्या घरातलाच आहे. लहानपणी जो गायक आपल्याला फार आवडायचा, तो पन्नाशीत पुन्हा नीट बसून ऐकला तर काय होतं? आपण बदललेलो असतो, हे तर झालंच. त्यात तासभर बोलण्यासारखं काही नाही. मला बोलायचं आहे ते गाण्यात पहिल्यापासून जे होतं आणि लहान कानांपर्यंत पोचलं नव्हतं, त्याबद्दल. उदाहरण एकच घेते : सुधीर फडके. बाबूजी. निम्म्या माना आत्ताच हलल्या, म्हणजे ओळख करून द्यायला नको.

तरी नव्या श्रोत्यांसाठी थोडक्यात. जन्म २५ जुलै १९१९, कोल्हापूर. मूळ नाव रामचंद्र. हलाखीचे दिवस काढून, गावोगाव फिरून १९४१ मध्ये एचएमव्हीत, मग चार वर्षांनी प्रभात फिल्म कंपनीत. पुढची पन्नास वर्षं मराठी सिनेमा आणि भावगीत. २९ जुलै २००२ ला मुंबईत निधन. ज्यांच्या शब्दांशी त्यांचं नाव कायमचं जोडलं गेलं ते गदिमा, म्हणजे ग. दि. माडगूळकर, हेही १९१९ चेच. दोघांत जेमतेम सव्वादोन महिन्यांचं अंतर.

आता आमच्या घरातला बाबूजी म्हणजे काय होता, ते सांगते. सकाळी सातच्या सुमाराला स्वयंपाकघरातल्या फळीवरून येणारा एक आवाज. मऊ, जरा नाकातून आल्यासारखा, कधीही न चिडणारा. मुलं आवाजावरून माणूस ठरवतात. माझ्या धाकट्या भावाचा तर पक्का समज होता की राम असाच बोलत असणार. याच्या पलीकडे लहान मुलाला काय कळतं? चाल कळते, आणि ती फार पक्की कळते. शब्द मात्र अर्धे-मुर्धे.

शब्द अर्धे-मुर्धे का, याला एक साधं तांत्रिक कारणही आहे. आपण ऐकायचो तो रेडिओ मध्यम लहरींवरचा. त्यावरून साधारण चार-पाच हजार हर्ट्झच्या वरचा आवाज फारसा पोचतच नसे. सूर त्या मर्यादेत छान बसतात. पण ‘स’सारख्या व्यंजनाची सळसळ आहे ना, ती बरीचशी त्याच्या वर असते. म्हणजे रेडिओ चाल पूर्ण देत होता आणि व्यंजनांची धार बोथट करून देत होता. त्यात बाजूला कुकरची शिट्टी. मग मुलं मधल्या जागा आपल्या मनाने भरतात. गीतरामायणातलं ‘दैवजात दुःखे भरता’ घ्या. यातला ‘भरता’ म्हणजे ‘अरे भरता’, भावाला मारलेली हाक. वर्गात विचारून बघा, कितीतरी मोठ्या माणसांनाही ते ‘दुःखं भरली की’ असं काहीतरी वाटत असतं. आणि ‘दैवजात’ म्हणजे दैवातून जन्मलेली. तिथे मुलांना भलतीच ‘जात’ ऐकू येते. (हशा)

गंमत म्हणजे ही हाक आहे हे एकदा कळलं की संपूर्ण गाणं बदलतं. तोवर ते एक उपदेशाचं गाणं असतं. आता समोर एक माणूस उभा राहतो. वडील गेलेत, आईमुळे हे सगळं घडलंय या शरमेने पिचलेला धाकटा भाऊ आहे, तो अयोध्येला परत चला म्हणून हट्ट धरून बसलाय, आणि थोरला त्याची समजूत काढतोय. समजूत काढणारा माणूस आवाज चढवतो का? नाही. म्हणून त्या चालीत कुठेही चढाओढ नाही. राग यमन कल्याण. म्हणजे यमनचाच विस्तार, फक्त तीव्र मध्यमाच्या जोडीला शुद्ध मध्यमाचा हलका स्पर्श. एवढ्या मोठ्या रागाचं सामान हाताशी असून पहिली ओळ जवळजवळ बोलल्यासारखी येते. तान नाही, हरकत नाही, काही नाही.

(इथे गाण्याचं धृपद आणि पहिलं कडवं ऐकवलं.)

हे सगळं मी एवढ्या बारकाईने ऐकायला लागले त्याचं कारण घरगुती आहे. बारा वर्षांपूर्वी माझ्या वडिलांना, आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो, मेंदूच्या डाव्या बाजूला झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. वाचाघात म्हणतात याला. ऐकलेलं बरंचसं कळायचं, पण बोलायला जावं तर शब्द सापडायचा नाही. पाणी हवं असलं तर भांड्याकडे बोट. एसटीत तीस वर्षं वाहतूक नियंत्रक म्हणून काम केलेला माणूस, आख्खा स्टँड ज्याच्या आवाजाने हलायचा, तो बोट दाखवून पाणी मागतोय. तर वाचा-उपचार करायला ज्या बाई यायच्या त्यांनी विचारलं, यांना लहानपणापासून पाठ असलेलं एखादं गाणं आहे का? आईने कपाटातून कॅसेट काढल्या. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी कॅसेटबरोबर आण्णांचे ओठ हलायला लागले, आणि आठवड्याभरात ‘दैवजात’चं धृपद आणि दोन कडवी, शब्द न् शब्द, कॅसेटबरोबर म्हणाले. कॅसेट थांबवून म्हटलं, ‘आण्णा, पाणी म्हणा’, तर नाही.

याला चमत्कार म्हणू नका. वैद्यकशास्त्राला हे फार पूर्वीपासून माहीत आहे. बोलता न येणारे काही रुग्ण ओळखीचं गाणं शब्दांसकट गाऊ शकतात. त्यावरून १९७३ च्या सुमाराला बोस्टनमध्ये एक उपचारपद्धतीही तयार झाली : रोजची वाक्यं सुरात, ठेक्यात, डाव्या हाताने टिचकी देत म्हणून घ्यायची. आधी असं मानलं जायचं की सुरांचं काम मेंदूची उजवी बाजू करते आणि तीच डाव्या बाजूला हात देते. नंतरच्या काही संशोधकांचं म्हणणं असं की नुसत्या सुरापेक्षा लय आणि पाठ असलेले, घोळलेले शब्द या दोन गोष्टी जास्त मदत करतात. वाद अजून संपलेला नाही. उपचाराचा फायदा प्रत्येकाला सारखा होतो असंही नाही. आण्णांना पुढे पंधरा-वीस शब्द परत मिळाले, तेवढेच. त्यात ‘पाणी’ होता, ‘पुरे’ होता आणि माझं नाव होतं.

पण माझ्या डोक्यात प्रश्न शिरला तो असा : आण्णांना शेकडो गाणी पाठ होती. बैठकीत बसून नाट्यगीतं म्हणायचे. मग आम्ही तीही लावून पाहिली. त्यात ते सूर धरायचे, ‘आ’कार चालायचा, शब्द विरघळायचे. शब्द पूर्ण आले ते प्रामुख्याने आरत्यांचे, भीमरूपीचे आणि बाबूजींच्या चालींचे. एका माणसावरून सिद्धांत काढायचा नसतो. तरी मला त्या चालींची रचना उलगडून पाहावीशी वाटली.

आता ती रचना. मराठीत अक्षर ऱ्हस्व असतं नाहीतर दीर्घ असतं. छंदशास्त्रात लघू आणि गुरू. लघूला एक मात्रा, गुरूला दोन. बोलताना आपण हे भान न ठेवता पाळतो. चाल लावणारा मात्र मोडू शकतो. ‘नगर’ शब्दातला ‘ग’ चार मात्रा ताणला तर सूर कितीही गोड असो, शब्द मेला. बंदिशीत हे चालतं, कारण तिथे शब्द हा स्वरांना टेकायला दिलेला खुंटा असतो. नाट्यसंगीतातही बऱ्याच प्रमाणात चालतं. ओळीच्या मध्येच गायक तान घेऊन फिरून येतो आणि तुम्ही टाळ्या देता. बाबूजी हा खेळ क्वचितच करतात. ताणायचं ते गुरूवर, आणि श्वास घ्यायचा तो वाक्याचा अर्थ जिथे टेकतो तिथेच. तुम्ही घरी एक प्रयोग करून बघा. त्यांच्या कुठल्याही गाण्याची ओळ आधी मोठ्याने वाचा, चाल विसरून, एखाद्याला सांगतोय तशी. कुठे थांबलात, कुठल्या शब्दावर जोर दिलात, ते पेन्सिलीने खूण करून ठेवा. मग गाणं लावा. खुणा जवळपास जुळतील. म्हणजे चाल बोलण्याच्याच वाटेने गेलेली आहे. पाठांतराला ही गोष्ट फार उपयोगी पडते, कारण शब्द आणि सूर एकमेकांना आठवण करून देतात. आता याला एक मोठा आधार गदिमांचा. त्यांची कडवी मात्रांत इतकी चोख की निम्मं काम कागदावरच झालेलं असे.

बाबूजी हे कुठून शिकले? त्यांची दोन दैवतं होती, बालगंधर्व आणि हिराबाई बडोदेकर. वरकरणी हे विचित्र वाटतं. बालगंधर्व म्हणजे त्याच ओळीकडे पुन्हापुन्हा परतून येणारं गाणं, आणि बाबूजींची तबकडी साडेतीन मिनिटांत संपते. माझ्या मते त्यांनी बालगंधर्वांकडून घेतला तो शब्दाला हात लावण्याचा हळुवारपणा, आणि हिराबाईंकडून घेतला स्वच्छ, आटोपशीर सूर. विस्तार दोघांकडचाही सोडून दिला. तबकडीच्या लांबीने तो सोडायला लावला असंही म्हणता येईल. पण गीतरामायणात वेळेची तेवढी सक्ती नव्हती, कडव्यांमागून कडवी होती, आणि तरी तिथेही त्यांनी तो घेतला नाही. ही मला निवड वाटते.

आता ‘तोच चंद्रमा नभात’. याच्यावर मी थोडी जास्त रेंगाळणार आहे, कारण लहानपणीचं गाणं मोठेपणी उलटं होतं त्याचं याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही. शब्द शांता शेळके यांचे, चाल आणि आवाज बाबूजींचा. लहानपणी हे चांदोबाचं गाणं असतं. सहलीत म्हणतात, कोजागिरीला म्हणतात. आता नीट ऐका. चंद्र तोच आहे, चैत्रातली रात्र तीच आहे, समोरची व्यक्तीही तीच आहे. आणि तरी तेव्हाचं जे काही होतं, ते आता नाही. शेवटाकडे तर गाणंच जुळत नसल्याची गोष्ट येते. कोजागिरीच्या दुधाबरोबर आपण आनंदाने काय म्हणत होतो, बघा!

या गाण्याच्या मुळाशी एक संस्कृत श्लोक आहे, ‘यः कौमारहरः’ असा सुरू होणारा. शीलाभट्टारिका या कवयित्रीच्या नावावर तो सांगितला जातो, आणि मम्मटाच्या काव्यप्रकाशात उदाहरण म्हणून आलेला असल्यामुळे संस्कृतच्या विद्यार्थ्यांना तो ठाऊक असतो. तिथे बोलणारी स्त्री आहे. प्रियकर तोच, आता नवरा झालेला. रात्री त्याच, वारा तोच, मीही तीच. पण मन ओढ घेतं रेवेच्या काठावरच्या त्या वेताच्या कुंजाकडे. म्हणजे संस्कृतातल्या नायिकेकडे निदान एक जागा आहे, जिथे परत जावंसं वाटतं. शांताबाईंनी ती जागा काढून घेतली. मराठी गाण्यातल्या माणसाला परत जायला काही शिल्लकच नाही. माझ्या मते मराठी गाणं मूळ श्लोकापेक्षा जास्त उदास आहे. संस्कृतचे प्राध्यापक इथे असतील तर नंतर भांडू.

आणि हे बाबूजींनी बांधलं कशात? यमनमध्ये. गाणं शिकायला गेलेल्या मुलाला बहुधा पहिला शिकवतात तो यमन, संध्याकाळचा, प्रसन्न. करुण रसासाठी हात जावा असे राग वेगळे आहेत. इथे यमन येतो आणि म्हणून आपण फसतो, लहानपणी तर पूर्णच फसतो. पण विचार करा, हा माणूस रडत नाहीये. तो चंद्राकडे बघतोय आणि मान्य करतोय की सगळं सुंदर आहे. तक्रार करायला जागाच नाही, हीच तर तक्रार. चाल रडकी असती तर शब्द खोटे पडले असते. शिवाय ओळीचा झोका बघा : तो-च, चं-द्र, मा-न, भा-त. गुरू-लघू, गुरू-लघू, गुरू-लघू, गुरू-लघू. पाळणा हलावा तसा. चाल तो झोका मोडत नाही, ‘भा’वर विसावते. ‘दैवजात’ही यमनच्याच घरातलं, आठवतंय ना? तिथे सांत्वन, इथे सांत्वन करायला कुणीच नाही.

(इथे पूर्ण गाणं ऐकवलं.)

गीतरामायणाबद्दल आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. आपल्यापैकी बहुतेकांच्या कानात जे गीतरामायण आहे ते एकट्या बाबूजींच्या आवाजातलं, तबकड्यांचं आणि कॅसेटचं. मूळ तसं नव्हतं. पुणे आकाशवाणी सुरू झाली १९५३ मध्ये. तिथले अधिकारी सीताकांत लाड यांनी गदिमांना वर्षभर चालेल असं काहीतरी लिहायला सांगितलं, आणि १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीला, पहिलं गीत प्रसारित झालं. दर आठवड्याला नवं गीत, मध्ये अधिक मास आल्याने बावन्नाची झाली छप्पन, आणि १९ एप्रिल १९५६ ला पुढच्या रामनवमीच्या सुमाराला समाप्ती. पहिल्या गीताचा हरवलेला कागद वगैरे किस्से तुम्ही ऐकलेले आहेत, ते सोडते. मुद्दा असा की त्या प्रसारणात पात्रांना वेगवेगळे आवाज होते. रामासाठी बाबूजी, सीतेसाठी माणिक वर्मा. वसंतराव देशपांडे होते, राम फाटक होते, सुरेश हळदणकर होते, ललिता फडके होत्या.

म्हणजे संगीतकार म्हणून बाबूजी दर आठवड्याला विचार करत होते तो दुसऱ्याच्या गळ्याचा. वसंतरावांचा आक्रमक, कुठेही उडी मारणारा गळा आणि माणिकताईंचा आर्जवी गळा एकाच मालिकेत, एकाच भाषेत बोलते करायचे, आणि आठवड्याने पुढचं गीत तयार हवं. कॅसेट ऐकत वाढलेल्या पिढीपासून नेमकं हेच लपलं. एका आवाजात सगळं ऐकलं की ते कीर्तनासारखं होतं : एकच कथेकरी सगळी पात्रं सांगतो. त्यातही मजा आहे, आणि मला ते रूप सोडवत नाही. पण गायक बाबूजींनी संगीतकार बाबूजींना झाकलं, हे खरं.

हिंदीतलं उदाहरण याहून ठळक आहे. विविध भारतीवर ‘ज्योति कलश छलके’ किती सकाळी लागलं असेल! लता मंगेशकर, पंडित नरेंद्र शर्मांचे शब्द, ‘भाभी की चूड़ियाँ’, १९६१. संगीतकार सुधीर फडके. त्या आधी सहा वर्षं गीतरामायणाचं पहिलं गीत, कुश-लव रामापुढे गातात ते. दोन्हींत तेच पाच स्वर : सा रे ग प ध. गीतरामायणातलं भूप अंगाचं, तिथे गंधारावर घर आहे. ‘ज्योति कलश’मध्ये धैवत जास्त झळकतो, म्हणून जाणकार त्याला भूपापेक्षा सकाळच्या देशकाराकडे ढकलतात. स्वर तेच, वजन कुठे ठेवलं एवढाच फरक, आणि एकात राजसभा उभी राहते तर दुसऱ्यात पहाट. ही दोन गाणी एकामागून एक लावून ऐका. मी इथे लावत नाही, वेळ कमी आहे.

जाता जाता एक. मोठेपणी आपल्याला गायकाचं आयुष्यही कळतं, आणि ते सगळं सोयीचं असतंच असं नाही. बाबूजी दादरा-नगर हवेलीच्या मुक्तिसंग्रामात उतरले होते. सिल्वासा मुक्त झालं २ ऑगस्ट १९५४ ला, आणि आठ महिन्यांत गीतरामायण सुरू! पुढे सावरकरांवरच्या चित्रपटासाठी त्यांनी आयुष्याची कितीतरी वर्षं दिली, तो २००१ मध्ये आला. त्यांची राजकीय मतं ठाम होती आणि ती सगळ्यांना पटणारी नव्हती. आमच्याच घरात आण्णा जुने समाजवादी, सेवा दलातले. त्या मतांवरून ते बाबूजींना नावं ठेवायचे आणि लगेच कॅसेटची बाजू बदलायला उठायचे.

प्रश्न आहेत का?

(एका श्रोत्याने विचारलं : हे सगळं विश्लेषण ठीक, पण ही गाणी आपल्याला आठवणींमुळेच आवडतात ना?)

चांगला प्रश्न. आठवणींचा वाटा मोठाच आहे, नाकारत नाही. पण त्याच रेडिओवर, त्याच फळीवरून आपण जाहिरातीही ऐकल्या, बाजारभावही ऐकले. जाहिरातींच्या चाली अजून पाठ आहेत. त्या ऐकून हसू येतं, दोन मिनिटं बरं वाटतं, आणि संपलं. दुसऱ्यांदा ऐकल्यावर तिथे नवीन काही सापडत नाही. ‘तोच चंद्रमा’त मला गेल्या महिन्यात, हे व्याख्यान तयार करताना, ‘तोच’ या शब्दावरचा जोर नव्याने ऐकू आला. दुसऱ्या कुणाला तिथे काही वेगळं सापडेल.

(दुसरा प्रश्न : घरातल्या लहान मुलांना हे कसं ऐकवावं?)

बसवून ऐकवू नका. अर्थ तर मुळीच सांगू नका. सकाळी डबे भरताना लावून द्या, जरा हळू आवाजात. ‘भरता’चा अर्थ त्यांना चुकीचा लागला तरी चालेल, तीस वर्षांनी बघू.

साडेसात वाजत आलेत, सभागृह पुढच्या कार्यक्रमाला द्यायचं आहे. आवराआवर होईतो गीतरामायणाचं पहिलं गीत लावते. गंधाराकडे लक्ष ठेवा.

(गीत लावलं गेलं.)